दुपारी चालणारं यंत्र

सलाउद्दीन मिस्त्रीला एक खोड होती. कुठल्याही यंत्राचा आवाज बिघडला की त्याला घास गोड लागत नसे. रस्त्यानं जाणाऱ्या टांग्याचं चाक कुरकुरलं तरी हा माणूस टांगा थांबवणार, टांगेवाल्याला आधी शिव्या घालणार आणि मग चाकाला तेल. नाशिकच्या कथड्यातले लोक म्हणत, मिस्त्री नमाजाला उभा असला तरी त्याचा एक कान शेजारच्या पिठाच्या गिरणीत असतो. यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नाही.

बाप भांड्यांना कल्हई करत हिंडायचा, घोटीच्या बाजारापासून पार नांदगावपर्यंत. मुलाला भात्यापुढं बसणं जमेना. खरं म्हणजे त्याला बसणंच जमत नसे, पुढं भाता असो की ताट. मोठ्या लढाईच्या काळात तो देवळालीच्या कॅम्पात ओझी उचलायला म्हणून गेला आणि तीन वर्षांनी हातात पाना घेऊन परतला. तेव्हापासून शिवणयंत्रं, गिरण्या, सोड्याच्या बाटल्या भरायची यंत्रं, जे जे फिरतं ते ते त्याच्या दारात येऊ लागलं. फक्त घड्याळं तो घेत नसे. त्यांचा आवाज फार बारीक असतो, जीव घाबरतो, म्हणायचा.

अशा या माणसाला चौतीस सालच्या हिवाळ्यात एका यंत्रानं रडकुंडीला आणलं. आणि तेही कसलं, तर धुणं धुवायचं!

यंत्र होतं गंगापूर रोडच्या त्र्यंबकराव वकिलांकडं. तेव्हा त्या रस्त्याला बंगले मोजके आणि बाकी सगळे भाजीचे मळे. देवळालीतल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या बाईनं विलायतेला जाताना घरातलं सामान लिलावात काढलं, त्यातून वकिलांनी ते उचललं. लाकडी पिंप, त्याच्या झाकणावर दात्यांच्या चाकांची लोखंडी पेटी, बाजूला फिरवायचा दांडा आणि वर कपडे पिळायचे दोन रबरी रूळ. दांडा फिरवला की पिंपातली फळी एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं घुसळायची. घरात अकरा माणसं. धुणं सगळं वत्सलाबाईंच्या, म्हणजे वकिलांच्या पत्नीच्या हातांवर. सोवळ्यातलं धुणं मोलकरणीला द्यायची सोय नाही. हिवाळ्यात बाईंच्या बोटांना भेगा पडून रक्त यायचं, ते वकिलांना बघवत नव्हतं. मडमेच्या घरातलं यंत्र देवघराच्या मागच्या दाराशी कसं आलं, असं कुणी विचारलं की बाई सांगत, गोमूत्र शिंपडलंय आणि वर सात घागरी गंगेचं पाणी ओतलंय. नाशिकात गोदेला गंगाच म्हणतात, त्यामुळं पुढं बोलायला कुणाला जागा उरत नसे.

दिवाळीच्या आधी यंत्र गंजून बसलं होतं, तेव्हा सलाउद्दीनला पहिल्यांदा बोलावलं. त्यानं पेटी उघडली, चाकं घासली, कॅम्पातून आणलेल्या डब्यातलं पिवळं वंगण बोटांनी भरभरून लावलं आणि पेटी बंद केली. यंत्र असं चाललं की वकील खूश झाले. म्हणाले, "सलाउद्दीन, नगरपालिका पाण्याच्या नव्या पंपावर माणूस नेमणार आहे. कमिटीत मी आहे. तुझ्यासारखा हवा."

झालं! त्या दिवसापासून पंपानं सलाउद्दीनच्या डोक्यात घर केलं. मुंबईहून मेहुण्याची, रियाजची, पत्रावर पत्रं येत होती. गोदीत काम आहे, बायकोपोरांना घेऊन ये, इथं लोकांच्या दारात काय बसलायस. सलाउद्दीनला नाशिक सोडायचं नव्हतं. रोशनबीला, त्याच्या बायकोला, तर नव्हतंच नव्हतं. तिची आई इथंच बागवानपुऱ्यात अंथरुणाला खिळून होती. पंपाची नोकरी मिळाली तर प्रश्नच मिटला. नाही मिळाली तर पौष संपता संपता सामान बांधायचं, असं त्यानं रियाजला कळवूनही टाकलं होतं.

आणि पौष लागताच यंत्र रुसलं.

वकिलांचा गडी सांगत आला, "यंत्र चालेना. सकाळपास्नं बाई दांडा फिरवताहेत, पण फळी हलत नाय." सलाउद्दीन तसाच उठला. पण सकाळी जाऊन उपयोग नव्हता. सकाळी वकिलांच्या मागच्या अंगणात सोवळं असे. पूजा, नैवेद्य, जेवणं उरकेपर्यंत तिथं परक्या माणसाला पाऊल टाकता येत नसे. त्यानं दुपारचे दोन वाजू दिले आणि गेला. दांडा धरला, फिरवला. टक, टक, टक! फळी अशी घुसळत होती की पिंपातलं पाणी त्याच्या अंगावर उडालं.

"चालतंय की," तो म्हणाला.

दाराआडून वत्सलाबाई म्हणाल्या, "सकाळी चालत नव्हतं हो, मिस्त्री. खोटं कशाला सांगू?"

त्यानं उगाच दोन पेच आवळले, रूळ पुसले आणि निघाला. अंगणाचं फाटक ओलांडलं तोच मागं घागर ओतल्याचा आवाज आला. आपण हात लावलेलं यंत्र धुतलं जातंय, हे त्याला कळलं. दर वेळी कळत असे. त्यांच्या घरचा रिवाज आहे, आपल्याला काय, असं तो मनाला समजावी. मन ऐकायचं, कान ऐकायचा नाही. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत तो कान मागंच राहायचा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा निरोप. पुन्हा सकाळी बंद, पुन्हा दुपारी चालू. असं चार वेळा झालं. गडी दात काढून म्हणाला, "मिस्त्री, तुम्हाला बघून ते घाबरतंय." सलाउद्दीननं त्याला हसून दाखवलं आणि घरी येऊन भाकरीचं ताट सरकवून दिलं.

चौथ्या वेळी वकील कोर्टातून लवकर आले होते. ते हसले नाहीत. म्हणाले, "सोमवारी कमिटीची बैठक आहे. घरचं एक पिंप तुला चालवता येत नाही, मग गावाचा पंप मी तुझ्या हातात कुठल्या तोंडानं देऊ?"

"साहेब, एकदा सकाळी बघू द्या. बिघडलेलं असताना बघितलं तर एका घडीत सांगतो."

"सकाळी सोवळं असतं. ते जमणार नाही." मग दाराकडं बघत जरा मोठ्यानं म्हणाले, "सोमवारपर्यंत चाललं तर ठीक. नाहीतर हे लाकूड मी विकून टाकतो. मला रोजची कटकट नको."

दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

आता विचाराल, मिस्त्रीनं ती पेटी का उघडली नाही? पेच काढायला कितीसा वेळ लागतो! पण पेटी त्यानं स्वतःच्या हातानं साफ केली होती, स्वतः भरली होती, स्वतः बंद केली होती. ज्यानं ताट वाढलं तो त्यात खडा शोधत बसत नाही. त्यानं रूळ तपासले, फळी तपासली, दांड्याची खीळ बदलली, पिंपाखाली दगड सारून बघितला. आपल्या हातावर शंका घ्यायचं तेवढं राहिलं. एवढा मोठा शहाणा, आणि तिथंच फसला.

शेवटी त्यानं ठरवलं, डोळ्यांनी बघू देत नाहीत तर कानांनी बघू. शुक्रवारी उजाडता उजाडता तो कथड्यातून निघाला, रविवार कारंजा ओलांडून गंगापूर रोडला पोचला आणि वकिलांच्या मागच्या भिंतीला लागून उभा राहिला. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. आपण इथं असं उभं राहणं बरं नव्हे, हे त्याला कळत होतं. दुसऱ्याच्या घराची मागची भिंत, आत सोवळ्यातली बाई, आणि बाहेर हा. कुणी काही बोललं असतं तर काय उत्तर देणार होता?

आणि बोललंच कुणीतरी. शेजारच्या मळ्यातली नवसाबाई डोक्यावर मेथीची पाटी घेऊन बाजाराला निघाली होती. ती थांबली.

"काय रं बाबा, भिताडाला कान लावून काय ऐकतोयस? आत पुरलेलं धन बोलतंय व्हय?"

"यंत्र ऐकतोय, मावशी. दुरुस्तीचं काम आहे."

"आत जाऊन ऐक की मग. हितं गारठून मरशील."

"आत सोवळं आहे."

नवसाबाईनं त्याच्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. "लय अवघड काम हाय रं तुझं," म्हणाली आणि चालू लागली.

तेवढ्यात आत दांडा फिरला. सलाउद्दीननं कान भिंतीला टेकवला. खर्र… खर्र… आणि मग काहीच नाही. पुन्हा खर्र. बाईंचं धापा टाकणं त्याला भिंतीतून ऐकू आलं. पण टक नाही. तो टक म्हणजे पेटीतला खटका. फळी उलटी फिरायची वेळ आली की तो दात्यात पडतो. सकाळी तो पडत नव्हता. कुठंतरी चिकटून बसत होता आणि दुपारी आपला आपण सुटत होता. स्प्रिंग तुटली म्हणावं तर तुटलेली स्प्रिंग दुपारी कशी जुळते?

तो घरी आला तो असा की रोशनबीनं विचारलं, "क्या हुआ जी? कुत्ता मागे लगा क्या?" तो ओट्यावर बसला, उठला, अंगणात गेला, परत आला. जुम्याचा दिवस, नमाजाच्या आधी अंघोळ व्हायची होती. पाणी तापून निवायला लागलं तरी याचं येरझारा घालणं चालूच.

"बैठो तो सही," रोशनबी वैतागून म्हणाली. "सिर को तेल लगाती." आणि उन्हात ठेवलेली खोबरेल तेलाची बाटली तिनं पायरीवरून उचलली. उजेडापुढं धरून बघितली आणि पुन्हा खाली ठेवली. "अभी पिघल्याच नही. और धूप लगने दो."

सलाउद्दीननं बाटलीकडं बघितलं. कडेनं तेल पातळ झालं होतं, मधे पांढरा गठ्ठा तसाच. सकाळी घट्ट, दुपारी पातळ. तो ताडकन उठला. मग पुन्हा बसला. कारण त्यानं पेटीत खोबरेल घातलं नव्हतं. त्यानं घातलं होतं पिवळं वंगण, जे थंडीतही तसंच राहतं. मग?

मशिदीत त्या दिवशी सजद्यात त्याचं कपाळ इतरांच्या मागून टेकत होतं. नमाज संपताच चपला कशाबशा पायात अडकवून त्यानं गंगापूर रोड गाठला आणि आल्या आल्या, एक शब्द न बोलता, पेटीचे चारही पेच काढले.

पिवळ्या वंगणाचा ठिपकासुद्धा नव्हता. चाकं घासून लख्ख केलेली, आणि पेटी काठोकाठ भरलेली. त्यानं बोट बुडवून नाकाशी नेलं. खोबरेल! पेटीच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात, जिथं ऊन पोचत नव्हतं, तिथं पांढरा गठ्ठा अजून होता.

"बाई," तो दाराकडं न बघता म्हणाला, "यात तेल कुणी घातलं?"

 दाराआडून हळू आवाज आला. "मी. तुमच्या त्या डब्यात चरबी असते म्हणे. गाईची. यंत्रात पहिलं पिळलं जातं ते पूजेचं धोतर. माझ्याच्यानं बघवेना. मी एकादशीला शिकेकाईनं सगळं धुऊन काढलं आणि घरचं खोबरेल ओतलं. देवाच्या समईला चालतं, म्हटलं इथंही चालेल."

सलाउद्दीनला राग आला होता. इतके दिवस या एका गोष्टीनं त्याचं अन्न तोडलं होतं. पण तोंड उघडण्याआधीच त्याच्या मनात भलतंच काहीतरी शिरलं. डब्यात चरबी असते. कुणाची? डब्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं आणि इंग्रजी त्याला येत नव्हतं. कॅम्पातले गोरे काय काय खात आणि कशाकशाची चरबी वितळवत, ते त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. गाईची असती तर त्याला अडचण नव्हती. पण दुसऱ्या कुणाची असली तर? सोळा वर्षं तो त्या डब्यात बोटं घालत आला होता आणि फडक्याला पुसून त्याच बोटांनी भाकरी मोडत आला होता. कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. या घरातल्या, दाराआडूनच बोलणाऱ्या बाईला वाटलं, आणि त्याला, रोज नमाज पढणाऱ्याला, वाटलं नाही.

"मला ठाऊक नाही त्यात काय असतं," तो म्हणाला.  "जरा पाणी घाला बाई हातावर."

वत्सलाबाई बाहेर आल्या आणि उंचावरून पाणी घातलं. त्यानं चुलीतली राख मागून घेतली आणि कोपरापर्यंत हात घासले, एकदा, दोनदा, तीनदा. बाई घागर धरून उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. हे घासणं काय असतं ते त्यांना चांगलं माहीत होतं.

"आता काय घालायचं?" त्यांनी विचारलं.

"एरंडेल. बैलगाडीच्या कण्याला घालतात. थंडीत गोठत नाही. तेल्याकडून आणवा."

"घरातच आहे," म्हणत त्या आत गेल्या. मुलांच्या पोटाला द्यायची बाटली त्यांनी आणून जमिनीवर ठेवली. ठेवताना त्याला त्यांची बोटं दिसली. भेगांत हळद भरलेली होती. "मिस्त्री," त्या हळूच म्हणाल्या, "साहेबांना नका सांगू. माझ्या सोवळ्यानं यंत्र बिघडलं म्हटलं तर ते उद्याच विकतील. मग पुन्हा दगडावर बडवायचं आलं."

संध्याकाळी वकील आले. त्यांनी विचारलं, "काय निघालं?"

"वंगण चुकीचं होतं, साहेब. थंडीत गोठणारं."

"पेटी कुणी भरली होती?"

सलाउद्दीननं पाना फडक्यात गुंडाळला. पंप, रियाजची पत्रं, रोशनबीची आई, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. "पेटी मीच बंद केली होती," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं.

"वा!" वकील म्हणाले. "पंपाला असंच वंगण घातलंस तर हिवाळ्यात सगळं गाव सकाळी कोरडं बसेल आणि दुपारी अंघोळी करेल." आणि आत निघून गेले.

शनिवारी उजाडता तो पुन्हा भिंतीपाशी उभा. आता त्याला कशाचीच आशा नव्हती. रोशनबीला त्यानं सामानाचं सांगून टाकलं होतं आणि ती चुलीपुढं तोंड फिरवून बसली होती. पण यंत्र चाललं की नाही हे न ऐकता मुंबईला गेलो तर गोदीत वेड लागेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आत दांडा फिरला. टक. टक. टक, टक, टक.

सलाउद्दीननं डोळे मिटले.  बस, एवढंच पाहिजे होतं. तो वळला, तेवढ्यात मागचं फाटक करकरलं. वत्सलाबाई उभ्या होत्या. ओले केस, अंगावर सोवळ्याचं लुगडं.

"काल नवसाबाई सांगत होती, तुम्ही भिंतीला कान लावून उभे असता," त्या म्हणाल्या. "आत या."

"बाई, सोवळं…"

"आत या म्हटलं ना!" मग मागं वळून त्यांनी हाक मारली, "अहो, जरा इकडे येता का?"

वकील आले ते अर्धी दाढी झालेल्या तोंडानं, खांद्यावर पंचा. अंगणात सलाउद्दीनला बघून जागीच थांबले.

"यांनी घातलेलं वंगण चुकीचं नव्हतं," वत्सलाबाई म्हणाल्या.  "ते मी काढून टाकलं आणि खोबरेल ओतलं. चरबीला भिऊन. यांना काल कळलं, पण यांनी माझं नाव घेतलं नाही. आता घरचं एरंडेल घातलंय. मिस्त्री, फिरवून दाखवा."

पिंपात पूजेचं धोतर होतं. सलाउद्दीनला ते दिसत होतं. या अंगणात सकाळचा तो कधी आला नव्हता आणि पाय कुठं ठेवावा हेच त्याला कळेना. बाईंनी दांड्याकडं बोट दाखवलं. त्यानं कुडत्याला हात पुसले, दांडा धरला आणि फिरवला. टक, टक, टक.

वकील बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पहिल्याच दिवशी सकाळी याला आत घेतलं असतं, तर त्याच दिवशी कळलं असतं."

 वकिलांनी गालावरचा साबण पंच्यानं पुसला. "सोमवारी तुझं नाव मी कमिटीत सांगतो," ते सलाउद्दीनकडं न बघता म्हणाले. "पंपाला काय घालायचं ते तूच ठरव."

सलाउद्दीन काय पुटपुटला ते त्यालाही कळलं नाही. फाटक ओढून तो गल्लीत आला, कोपऱ्यापर्यंत गेला आणि सवयीनं थांबला. कान मागं लावला. आता घागर रिकामी होणार, हे त्याला माहीत होतं. आज त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही, असंही त्यानं ठरवलं होतं.

टक, टक, टक. बाई तसंच पुढं धुवत होत्या, त्याच पिंपात, तेच धोतर. तो उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. नंतर त्यांनी ओतलं असेल की नाही, देव जाणे. तो होता तोवर तरी नाही.

मळ्यातून नवसाबाई पाटी घेऊन आली. "आजबी ऐकतोयस? चाललं का नाय तुझं यंत्र?"

"चाललं, मावशी."  त्यानं भिंतीकडं बघितलं. "आज त्यांनी पाणी नाही ओतलं."

नवसाबाईला काही उमजलं नाही. तिनं पाटी सावरली आणि बाजाराच्या वाटेला लागली.